नवे व्यासपीठ कोणासाठी?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या चिखली-मेहकर भागातील काही तरुण कार्यकर्त्यांनी नवे त्रैमासिक काढण्याचा विचार बोलून दाखविला आहे. या भागात गेली काही वर्षे विहारात दरमहा एक साहित्य-बैठक भरते. कविता वाचली जाते, लेख वाचला जातो, त्यावर चर्चा होते. ही बैठक चालविणाऱ्यांत मीही एक आहे. तरुणांचे म्हणणे असे, की बैठक आता साचली आहे. तेच वाचणारे, तेच बोलणारे, आणि नव्याने लिहिणाऱ्याच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे. हा आरोप माझ्यावरही आहे. तेव्हा या प्रश्नाची चर्चा मी तटस्थपणे करीत आहे असा आव आणण्यात अर्थ नाही. परंतु प्रश्न केवळ आमच्या बैठकीचा नाही. दलित साहित्याच्या चळवळीत नवे नियतकालिक, नवा मंच केव्हा आवश्यक ठरतो आणि केव्हा ती केवळ फाटाफुटीवर लावलेली पाटी असते, हे ठरविण्याचा काही निकष आपल्यापाशी आहे काय? तो नसेल तर आपण एकमेकांना दूषणे तेवढी देऊ शकू.

असा निकष मला ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात सापडतो. त्या अंकातील 'मनोगत' या लेखातले, हिंदू समाज म्हणजे जिने नसलेला अनेक मजली मनोरा, हे रूपक सर्वांना पाठ आहे. भाषणांतून ते इतके वापरले गेले, की लेखातील उरलेल्या युक्तिवादाकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः तो लेख म्हणजे स्वतंत्र पत्र का हवे, याची रीतसर केलेली मांडणी आहे. बाबासाहेब प्रथम चालू पत्रांचा हिशेब घेतात. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे ते स्पष्ट सांगतात. पण 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' अशा पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हेही ते मोकळेपणाने मान्य करतात. या पत्रांना ते शत्रू ठरवीत नाहीत. त्यांचा मुद्दा एवढाच, की ब्राह्मणेतर या व्यापक नावाखाली अनेक जातींचे प्रश्न येतात आणि त्या गर्दीत अस्पृश्यांच्या प्रश्नाचा साकल्याने विचार व्हावा एवढी जागा तेथे मिळणे शक्य नाही. त्यानंतर 'सोमवंशीय मित्र'सारखी आपल्याच लोकांची पत्रे निघाली आणि बंद पडली, याचीही ते आठवण करून देतात.

'केसरी'ने पैसे देऊ केले असताही 'मूकनायका'ची जाहिरात नाकारली, हा इतिहास आपण वारंवार सांगतो. तो सांगितलाच पाहिजे. पण अपमान झाला म्हणून पत्र निघाले, असा त्याचा अर्थ नव्हे. पत्रामागे विचार होता आणि त्या विचाराच्या तीन पायऱ्या होत्या. जे आहे त्याची प्रामाणिक मोजदाद, ही पहिली. तेथे न मावणारा प्रश्न कोणता, ही दुसरी. आधीची का बुडाली आणि आता भार कोण उचलणार, ही तिसरी.

या दृष्टीने बाबासाहेबांच्या पुढील पत्रांकडे पाहावे. महाडचा चवदार तळ्याचा संग्राम मार्च १९२७ मधला, आणि 'बहिष्कृत भारत' निघाले ३ एप्रिल १९२७ रोजी. संघर्षाला स्वतःचे मुखपत्र हवे होते. २९ जून १९२८ रोजी 'समता' निघाले ते समाज समता संघाचे पत्र म्हणून. त्या संघात स्पृश्य सहकारीही होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' आले आणि नावच सांगते की हाक आता अधिक विस्तृत होती. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' आले, त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. प्रत्येक नवे नाव ही चळवळीची एकेक नवी गरज आहे. जुन्या संपादकावर रुसून यातले एकही पत्र निघालेले नाही.

परंतु येथे भाबडेपणाही नको. 'मूकनायक' सुरू झाल्यावर त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे ते पत्र बंद पडले. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने त्यांना स्वतः लिहावे लागले, मदतीसाठी वाचकांपुढे शब्द टाकावा लागला, आणि १९२९ मध्ये तेही थांबले. विचारांची उणीव बाबासाहेबांपाशी तरी नव्हती. उणीव होती पैशाची आणि सोबत राबणाऱ्या हातांची. जे त्यांना जड गेले ते आपल्याला उत्साहाच्या बळावर जमेल, असे मानणारा तरुण मला काळजीत टाकतो.

बाबासाहेबांच्या पश्चात हाच निकष 'अस्मितादर्शा'ला लावून पाहता येतो. तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६० नंतरच्या दशकाअखेर हे त्रैमासिक उभे राहिले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी २०१८ साली निधन होईपर्यंत ते सांभाळले. त्या काळी प्रस्थापित नियतकालिकांत दलित लेखकाला जागा मिळतच नव्हती असे नाही. 'साधना'ने १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. पण विशेषांक हा विशेषांकच असतो. पाहुणचार कितीही मनापासूनचा असला तरी घर दुसऱ्याचे. खेड्यातला एखादा शिक्षक आपली पहिली, कच्ची, अडखळती कविता पाठवील, ती परत येईल ती दोन शब्दांसह येईल, आणि तिसरी कविता छापली जाईल, हे काम विशेषांक करू शकत नाही. ते दीर्घकाळ चालणारे त्रैमासिकच करू शकते. लेखक छापणे आणि लेखक घडविणे यांत हा फरक आहे.

व्यासपीठ नसले तर काय होते, याचे उदाहरण आमच्या बुलढाण्यातच आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले. ताराबाई दलित नव्हत्या. मराठा घरातील, सत्यशोधक विचारांच्या वडिलांची ही मुलगी. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' मधून त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रकाशित करीपर्यंत मराठी वाचक त्याला जवळजवळ विसरलाच होता. १८८२ ते १९७५ म्हणजे ९३ वर्षे. एवढी जळजळीत लेखणी, फुल्यांसारखा पाठीराखा, आणि तरी ही शांतता! कारण पाठीराखा एक होता, व्यासपीठ नव्हते. तिच्यासारख्या दुसरीने तिला उत्तर द्यावे, तिसरीने पुढे न्यावे, अशी जागाच नव्हती.

आपल्या चळवळीनेही या बाबतीत फार वेगळे केले असे नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास लिहिताना त्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या तोंडून तो गोळा करावा लागला, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध झाले. सत्याग्रहात पुढे असलेल्या स्त्रिया लिखित इतिहासात मागे का राहिल्या, हा प्रश्न त्या ग्रंथाने आपल्यापुढे कायमचा ठेवला आहे.

आता आमच्या बैठकीकडे वळतो. हा लेख लिहिण्यापूर्वी मी बैठकीची वही काढून वाचली. स्त्रियांची नावे आहेत. परंतु बहुतेक ती स्वागतगीताच्या आणि आभाराच्या ओळीत आहेत. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आमची बैठक रविवारी दुपारीच भरत राहिली. तेव्हा मजुरीला जाणारी बाई शेतात असते, हे आम्हांला सुचले नाही. एका वृद्ध बाईने जात्यावरच्या, बाबासाहेबांवरील स्वतः रचलेल्या ओव्या म्हटल्या. आम्ही टाळ्या वाजविल्या, लोकसाहित्य म्हणून गौरव केला, आणि मग 'आता साहित्याकडे वळू या' म्हणून कवीला पुढे बोलाविले. त्या ओव्या कोणी उतरून घेतल्या नाहीत. एका मुलाने वऱ्हाडीत कविता आणली. तिच्यातल्या 'मले', 'तुले'चे मी माझ्या हाताने 'मला', 'तुला' केले. तो पुन्हा आला नाही. प्रस्थापितांनी आमच्या भाषेला अशुद्ध ठरविले म्हणून ज्याने आयुष्यभर व्याख्याने दिली, त्याच्याच हातात लाल पेन्सिल होती. मनोऱ्याला मजले असतात तसे व्यासपीठालाही असतात, हे मला त्या वहीने दाखविले.

तेव्हा तरुणांचा आरोप मला मान्य आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष अजून मान्य नाही. त्यांनी केलेली नियोजित लेखकांची यादी मी पाहिली. ती शिक्षक, प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आहे, आणि त्यांत एकही बाई नाही. या सर्वांना आमच्या बैठकीत जागा आहे. अपुरी असेल, पण आहे. त्यांची तक्रार वेळेची आणि अध्यक्षपदाची आहे. अध्यक्ष बदलून ती मिटते. मी बाजूला होतो, तुम्ही चालवा. एवढ्यासाठी नवे त्रैमासिक काढणे म्हणजे दोन दुबळ्या वर्गणीदारयाद्या तयार करणे होय.

आणि तरीही नवे व्यासपीठ हवे आहे, असे मी म्हणतो. ते ओव्या रचणाऱ्या त्या बाईसाठी हवे, 'मले-तुले'वाल्या त्या मुलासाठी हवे, घाटाखालच्या ज्या वस्त्यांत आमची बैठक एकदाही गेली नाही त्यांच्यासाठी हवे. ते रात्री, मजुरीहून परतल्यावर भरावे. तेथे म्हटलेले जसेच्या तसे, वऱ्हाडीतच उतरून घ्यावे. संपादन त्यांच्यातल्यांनीच करावे. वाचता न येणारीला ते वाचून दाखवून तिची संमती घ्यावी, मगच छापावे. चार पानांचे अनियतकालिक निघाले तरी पुष्कळ. हे काम तरुण मित्र अंगावर घेणार असतील, तर त्यांचा पहिला वर्गणीदार मी आहे. सल्लागार म्हणून माझे नाव मात्र छापू नये. 'मूकनायक' हे नाव घेऊन पत्र निघाले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. आज मुका कोण, हे आधी शोधा. तो आपल्याच बैठकीच्या मागच्या रांगेत बसलेला असेल.