काशीचे घाट आणि पाहणाऱ्याची जात

काशीच्या घाटांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवासवर्णने, यात्रावृत्ते, दिवाळी अंकांतले लेख. यांतले बरेचसे लेखन मणिकर्णिका घाटापाशी आले की एका ठराविक विधानावर येऊन थांबते. मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, स्मशानात जात नसते, हे ते विधान. विद्यार्थीदशेत मलाही ते पटत असे. पुढे शिक्षकांच्या सहलीबरोबर काशी पाहून आलो, तेव्हा ते खोटे आहे हे लक्षात आले. ते कसे खोटे आहे एवढेच येथे मांडायचे आहे.

आमची नाव अस्सी घाटावरून निघाली आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे चालली. नावाडी मल्लाह होता. तो एकेक घाट दाखवी आणि नाव सांगे. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट. मराठी माणसाची छाती फुगावी अशीच ही नावे. विश्वनाथाचे आजचे मंदिरही १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनीच बांधविले. आमच्यातले एक गुरुजी प्रत्येक नावाला मान डोलवीत होते. हे दगड कोणी वाहिले, पुरानंतर पायऱ्यांवर साचणारा गाळ दर वर्षी कोण काढतो, हे नावाड्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बांधविणाऱ्याचे नाव घाटाला राहते, बांधणाऱ्याचे राहत नाही. आणि राबणाऱ्या जातीतला माणूसच धन्यांची नावे पाठ म्हणून दाखवतो, कारण त्याचे पोट त्यावर चालते.

वाटेत हरिश्चंद्र घाट लागतो. सत्यासाठी राजा डोंबाला विकला गेला आणि स्मशानात राबला, ही कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये तिच्यावरच चित्रपट काढला. या कथेत डोंबाची चाकरी ही राजाच्या दुःखाची परिसीमा आहे. राजाची कसोटी संपते आणि त्याला गेलेले वैभव परत मिळते. मार्कंडेय पुराणात तर तो चांडाळ म्हणजे वेष पालटून आलेला धर्मच निघतो. म्हणजे शेवटी कथेत डोंब उरतच नाही! राजाची जी काही काळाची परीक्षा, ते डोंबाचे जन्मभराचे काम. आपण पिढ्यान् पिढ्या राजासाठी रडलो. डोंबासाठी डोळ्यांत पाणी यावे अशी सोयच त्या कथेने ठेवलेली नाही.

मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळतात. चितेचा अग्नी डोंबाकडून घ्यावा लागतो. ज्या अग्नीने मोक्ष मिळतो तो ज्याच्या हातून घ्यायचा, त्याच्या हातचे पाणी मात्र पिढ्यान् पिढ्या चालले नाही. आपले प्रवासवर्णनकार येथे ‘डोमराजा’ हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरतात. राजा म्हटले की अपमान झाकला जातो. त्या एका घराण्याजवळ पैसा असेलही. पण धुरात उभा राहून पाळीपाळीने प्रेते जाळणाऱ्या साध्या डोंबाचे काय? अग्नीचा हक्क आणि कामाच्या पाळ्या बापाकडून मुलाकडे जातात, हे ऐकले आणि मला आमचे वतन आठवले. मयताची खबर गावोगाव पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेले ढोर ओढणे. माझ्या आजोबांनी हे सारे केले. त्यालाही हक्कच म्हणत, बावन्न हक्क! या हक्कांच्या पोटात गुलामी आहे हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. महार वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने.

हे सारे ठाऊक असूनही मी तेथे कॅमेरा उचलला. बांबूने जळती लाकडे सारखी करणारा एक तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, “घर में टाँगोगे क्या?” मी कॅमेरा खाली घेतला. आजोबा ढोर ओढत असताना कोणा यात्रेकरूने त्यांचे असे चित्र काढले असते, तर? त्या क्षणी मी त्या गुरुजींच्याच डोळ्यांनी पाहत होतो. दलित म्हणून जन्मलो एवढ्याने नजर दलित होत नाही, ती कमवावी लागते, हे मला त्या तरुणाने शिकवले.

हे सारे जुन्या काळचे, आता तसे काही राहिलेले नाही, असे कोणी म्हणेल. १९७८ मध्ये जगजीवनराम देशाचे संरक्षणमंत्री होते. काशीत त्यांच्या हस्ते संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि मग तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. देशाच्या सैन्याचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्या स्पर्शाने दगड बाटला! स्मशानात जात नसते असे लिहिणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. मेलेले सारखे असतीलही, त्यांना जाळणारे सारखे नाहीत.

अस्सीवरून आमची नाव निघाली तेव्हा संत रविदासांचे सीर गोवर्धनपूर दक्षिणेला, आमच्या पाठीमागे राहिले. सहलीच्या कार्यक्रमात ते नव्हते. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेतला माणूस ज्या गावात जन्मला, त्या गावात जाऊन मी त्याच्या उलट दिशेने फिरून आलो.

आपली मुले आता हिंडू लागली आहेत, लिहूही लागली आहेत. त्यांनी जुन्या प्रवासवर्णनाचा साचा उचलू नये. यापुढे वर्गात असा पाठ शिकवताना मी मुलांना एक प्रश्न आधी विचारणार आहे: लेखक नावेत बसला होता, तेव्हा वल्हे कोणाच्या हातात होते?