झडती आणि एक ‘सुद्धा’

२००९ साली चार महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. एप्रिलमध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. आपल्या नियमांनुसार माजी राष्ट्रपतींना अशा झडतीतून सूट असते. कलामसाहेबांनी तक्रार केली नाही. जुलैमध्ये बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. ऑगस्टमध्ये शाहरुख खानला अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवले गेले. खान या नावामुळे हे घडले, असे त्याने बोलून दाखवले. ही नेहमीचीच प्रक्रिया आहे, असे तिथले अधिकारी म्हणाले.

दोन्ही वेळी देशभर संताप उसळला आणि तो खराच होता. पण त्या संतापाची भाषा आठवून पाहा. “कलामांनासुद्धा?” “शाहरुखलासुद्धा?” हा ‘सुद्धा’ मला तेव्हापासून खुपतो आहे. एवढ्या मोठ्या माणसाला अडवता, याचा राग त्यात आहे. मात्र लहान माणसाला अडवले तर चालेल, अशी मूक संमतीही त्यातच आहे. नावाजलेला नसलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, मुलाकडे निघालेला एखादा खान त्या संतापात कुठेच नव्हता.

विमानतळावरच्या झडतीविषयी जे चित्रपट आणि ज्या कादंबऱ्या आल्या, त्यांना मी हीच कसोटी लावतो: ही कलाकृती ‘सुद्धा’च्या पलीकडे जाते का?

करण जोहरचा ‘माय नेम इज खान’ फेब्रुवारी २०१० मध्ये आला. त्याची सुरुवातच सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर होते. रिझवान खानला बाजूला घेतात, अंग आणि सामान तपासतात आणि त्याचे विमान चुकते. ‘माझे नाव खान आहे आणि मी अतिरेकी नाही’ एवढेच त्याला अमेरिकेच्या अध्यक्षांना सांगायचे आहे. थिएटरात आपल्यापैकी अनेकांचे डोळे त्या वाक्याला भरून आले, माझेही आले. मोठ्या पडद्यावर, एवढ्या मोठ्या नटाच्या तोंडून आपल्या मनातली गोष्ट ऐकायला मिळाली, हे या चित्रपटाचे श्रेय कोणी नाकारू नये.

पण पुढे पाहा. रिझवानला ॲस्पर्जर सिंड्रोम आहे, त्याला खोटे बोलता येत नाही. मशिदीत द्वेष पेरणाऱ्या माणसाला तो तोंडावर विरोध करतो आणि त्याची खबर एफबीआयला देतो. वादळात बुडालेल्या गावातल्या लोकांसाठी तो छातीभर पाण्यात उतरतो. शेवटी अध्यक्ष त्याला भेटतात. म्हणजे बेगुनाह ठरण्यासाठी नायकाला जवळजवळ वली व्हावे लागले! रांगेत उभा असलेला चिडका, थकलेला, बायकोशी भांडून घराबाहेर पडलेला साधा मुसलमान या चित्रपटाच्या दारातून आत जाऊ शकेल का? चित्रपट पहारेकऱ्याला उत्तर देतो. त्याच्या प्रश्नाला मात्र हात लावत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तपासणी नकोच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आपले विमान कंदाहारला पळवून नेले गेले, त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवून नेली, म्हणून अमेरिकेत प्रवाशांना बूट काढावे लागले; हा नियम जुलै २०२५ मध्ये उठला. बूट सर्वांनीच काढायचे असतील तर तक्रार कसली? तक्रार तिथून पुढची आहे. यंत्र बॅगेत काय आहे ते पाहते. माणूस विचारतो, तू कोण आहेस? २००२ मध्ये अमेरिकेने काही देशांच्या पुरुषांसाठी खास नोंदणी सुरू केली. यादीत २५ देश होते, त्यांपैकी उत्तर कोरिया सोडला तर बाकीचे २४ मुस्लिमबहुल. यादीतले देश २०११ मध्ये वगळण्यात आले. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यानुसार विमानतळावर कोणालाही ठोस संशयाशिवाय थांबवून प्रश्न विचारता येतात. वस्तूची झडती दोन मिनिटांत संपते. माणसाची झडती तो घरी पोहोचल्यावरही चालूच राहते.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत मोहसिन हमीद यांची ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’ (२००७) ही कादंबरी मला महत्त्वाची वाटते. चंगेझ हा लाहोरचा तरुण, प्रिन्स्टनला शिकलेला, न्यूयॉर्कच्या कंपनीत नोकरीला. ११ सप्टेंबर २००१ नंतर मनिलाहून परतताना त्याला एका खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावतात. नेमकी त्या दिवशी त्याच्या अंगात टेडी अस्वलांची गुलाबी चड्डी असते. लेखक इथे आक्रोश करत नाही, आपल्याला किंचित हसू येऊ देतो, आणि मग ते हसू घशात अडकते. न्यूयॉर्कला उतरल्यावरही त्याची वेगळी चौकशी होते. बरोबरचे सहकारी थांबत नाहीत. तो एकटाच शहरात परततो. महत्त्वाचे म्हणजे हा चंगेझ वली नाही. टीव्हीवर मनोरे कोसळताना पाहून आपण हसलो होतो, अशी कबुली तो स्वतःच देतो. हमीद आपल्याला अवघड जागी उभे करतात: ज्याच्या मनात काळोख आहे, त्या माणसाचीही इज्जत असते की नाही?

कमिला शम्सी यांची ‘होम फायर’ (२०१७) त्याहीपुढे जाते. लंडनची इस्मा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली आहे. हीथ्रोवर तिची इतकी लांबलचक चौकशी होते की विमान निघून जाते. पण खरी झडती आधीच झाली आहे, तिच्या घरी आणि तिच्याच हातून. कुराण, घरच्यांचे फोटो, अभ्यासाची पुस्तके तिने बॅगेत भरलेलीच नाहीत. धाकटी बहीण अधिकारी झाली आणि दोघींनी सवालजबाबाची तालीम केली. शम्सी इथे सोपी वाट घेत नाहीत. इस्माचा बाप जिहादी होता, भाऊही त्याच वाटेने गेला आहे. सरकारच्या भीतीला काहीच आधार नाही, असे कादंबरी म्हणत नाही. ती एवढेच दाखवते, की एका शहाण्यासुरत्या मुलीने स्वतःच स्वतःचा पहारेकरी व्हायला शिकून घेतले. ‘सुद्धा’ इथे गळून पडतो.

आता आपल्याकडे वळू. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपल्या जगण्याची मराठी मांडणी करत आलो. या काळात कोकणातल्या घराघरांतून माणसे आखातात गेली, कोणी उमऱ्याला, कोणी मुलांकडे. मुंबईच्या विमानतळाचे अनुभव आपल्या लग्नकार्यांत, ओट्यावर तासन्‌तास सांगितले जातात. कागदावर मात्र ते माझ्या वाचनात फार कमी आले. जे आले, त्यात बहुधा भाषण असते: आम्हीही देशभक्त आहोत, आमच्यावर संशय का? हे म्हणणे खरेच आहे, पण ते पुन्हा पहारेकऱ्यालाच दिलेले उत्तर आहे. कथेने त्याच्याकडे पाठ करून प्रवाशाकडे पाहावे.

अशी कथा विमानतळावर सुरू होणारच नाही. ती आदल्या रात्री घरात सुरू होईल. बॅगा भरून झाल्या आहेत. मुलगा अब्बांना म्हणतो, “तस्बीह खिशात नको, बॅगेत टाका. आणि रांगेत ओठ हलवत पढू नका.” अब्बा विचारतात, “का रे?” मुलगा चेन लावत राहतो. त्याच्यापाशी उत्तर नाही असे नाही. बापाला ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे त्याला सुचत नाही. ते शब्द शोधणे हे आपल्या लेखकाचे काम आहे.