‘गायरवाली’ : अस्सल आणि नक्कल

महायुद्धानंतर पश्चिम जर्मनींत ग्रामीण कादंबऱ्यांवरून निघालेल्या चित्रपटांपैकीं ‘गायरवाली’ (१९५६) आम्हीं पाहिला. विल्हेल्मीने फॉन हिलर्नबाईंच्या कादंबरीची, १९२१ व १९४० नंतरची, ही तिसरी नक्कल. बार्बारा र्‍यूटिंगबाईंची वाली करारी आहे खरी. पण अस्सल निराळें. टिरोलांतील आना क्निटेल (१८४१-१९१५) दोरानें कड्यावरील गरुडाच्या घरट्यांत उतरली व १८६४ सालीं त्या प्रसंगाचें चित्र तिनें स्वहस्तें काढलें. तेंच कादंबरीचें मूळ. पुढें गरुडाचें गिधाड झालें, तें असो. परंतु चित्रकर्तीच गळून तिच्या जागीं बापानें डोंगरांत घालविलेली प्रणयिनी आली. दिग्दर्शक फ्रान्टिशेक चाप यांनीं हाच पाठ प्रमाण मानला. इन्सब्रुक येथें स्त्रियांसाठीं चित्रशाळा काढणारी आना पडद्यावर कोठेंच नाहीं, याची आम्हांस चुटपुट लागली.