थुकरटवाडी आणि पाडा : ‘चला हवा येऊ द्या’मधील बोलीचा भूगोल

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला झी मराठी वाहिनीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले आणि ‘थुकरटवाडी’ नावाचे एक गाव मराठी प्रेक्षकाच्या नकाशावर आले. केवळ योगायोगाला अर्थ चिकटवणे हा समीक्षेचा जुना दोष आहे, आणि या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध काहीच नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्राच्या हास्याचे प्रतिनिधित्व करू पाहणाऱ्या या कल्पित गावात कोणकोणते महाराष्ट्र राहायला आले आणि कोणते आले नाहीत? हा कार्यक्रम १७ मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ चालला. एवढ्या दीर्घ काळ चाललेल्या संहितेला ‘निव्वळ करमणूक’ म्हणून चर्चेबाहेर ठेवणे आता शक्य नाही.

दूरचित्रवाणीवरील प्रहसनाची परंपरा मराठीत नवी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ने छोट्या नाटुकल्यांची सवय प्रेक्षकाला लावली. ‘गजरा’तील हास्य प्रामुख्याने दिवाणखान्याचे होते. त्याची पात्रे नोकरदार, त्याची भाषा शहरी मध्यमवर्गाची, आणि त्याचा विनोद शब्दांच्या कोट्यांवर व परिस्थितीच्या गैरसमजावर उभा. खासगी वाहिन्यांच्या काळात ‘फू बाई फू’ने हे प्रहसन स्पर्धेच्या चौकटीत बसवले. निलेश साबळे यांनी ‘चला हवा येऊ द्या’त स्पर्धा काढून टाकली आणि तिच्या जागी गाव आणले. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे ही मंडळी एकमेकांवर मात करायला नव्हे, तर एका वस्तीत राहायला आली होती. या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. स्पर्धेतील प्रहसनाला दर वेळी नव्याने सिद्ध व्हावे लागते. गावातील प्रहसनाला मात्र स्मृती असते. कालचे सोंग आज दुसऱ्या वेषात आले तरी प्रेक्षक त्याला ओळखतो.

ही ओळख हाच त्या हास्याचा गाभा होय. भाऊ कदम साडी नेसून येतात तेव्हा प्रेक्षक स्त्रीपात्राला हसत नाही; भाऊ कदमांनी साडी नेसली आहे, या जाणिवेला हसतो. येथे वास्तवाभासाची अपेक्षाच नाही. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जव्हार-मोखाड्यात, जो बोहाडा होतो त्याचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर एकामागून एक येतात, संबळाच्या तालावर नाचतात, आणि मुखवट्याखाली कोण आहे हे बघणाऱ्यांना ठाऊक असते. देव आलेला असतो आणि त्याच वेळी शेजारीही आलेला असतो. सोंगाची ही द्विस्तरीय ओळख म्हणजे अडाणी प्रेक्षकाचा भाबडेपणा नव्हे. तो एक प्रगत नाट्यसंकेत आहे, आणि थुकरटवाडीने तो नकळत पुन्हा वापरात आणला.

साम्य येथवरच. बोहाड्यात सोंग पाहणारा आणि सोंग घेणारा एकाच जमिनीवर उभे असतात. थुकरटवाडीत मात्र सोंगासमोर एक सोफा असतो आणि त्यावर पाहुणे बसतात. बहुतेक वेळा ते आपल्या आगामी चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी आलेले असतात. मराठीच नव्हे, शाहरुख खानसारखे हिंदी नटही येथे येऊन गेले. गावकरी त्यांच्या चित्रपटाचे विडंबन करतात आणि ते हसतात. त्यांच्या हसण्याकडे कॅमेरा वारंवार वळतो. घरातला प्रेक्षक मग प्रहसन आणि त्यावरचे प्रतिष्ठितांचे हसणे, अशा दोन गोष्टी एकदम पाहत असतो.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते प्रकृतींमध्ये वाटून दिले : स्मित व हसित उत्तमांना, विहसित व उपहसित मध्यमांना, अपहसित व अतिहसित अधमांना. थुकरटवाडीत ही वाटणी उलटली आहे. सोफ्यावरचे ‘उत्तम’ अतिहसित करतात, डोळे पुसतात, मांडीवर थाप मारतात. सोंग घेणारा गावकरी मात्र चेहरा गंभीर ठेवून पुढचे वाक्य टाकतो. बख्तिनच्या कार्निव्हलच्या कल्पनेशी हे दृश्य जुळते असे वाटण्याचा मोह होईल. तो आवरायला हवा. कार्निव्हलमध्ये प्रेक्षागार नसते आणि राजाला खाली उतरावे लागते. येथे पाहुणा उतरला तरी आपल्या चित्रपटाची तारीख सांगण्यापुरताच उतरतो, आणि त्याच्या मोठेपणाला ओरखडाही उठत नाही. उलट विडंबन होणे हीच प्रतिष्ठेची खूण ठरते.

भरताकडे पुन्हा वळायचे ते दुसऱ्या कारणासाठी. संस्कृत नाटकात कोणी कोणती भाषा बोलावी याचे विधान आहे : राजा संस्कृत बोलणार, नायिका शौरसेनी, खालच्या पात्रांच्या वाट्याला मागधी वा अन्य प्राकृत. भाषेची ही वाटणी म्हणजे सामाजिक उतरंडीचे नाट्यरूप. आधुनिक मराठी रंगभूमीने ही उतरंड नाकारली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात ती हास्याच्या प्रांतात टिकून राहिली. थुकरटवाडीत सूत्रसंचालक पाहुण्यांशी प्रमाण मराठीत बोलतो. बोली सुरू होते ती प्रहसनात. बोली हे हशाचे साधन आणि प्रमाणभाषा हे स्वागताचे, अशी सरळ विभागणी आहे.

तथापि प्रत्येक बोलीला हशातही जागा मिळत नाही. मालवणीला ती मिळाली, कारण तिच्यामागे १९८० साली रंगभूमीवर आलेले गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ होते आणि मच्छिंद्र कांबळींची हयात होती. मराठवाडी बोलीला लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने मान्यता दिली. वऱ्हाडीला दूरचित्रवाणीवर भारत गणेशपुरे यांचा आवाज लाभला. तिच्यातील तुसडा, थंड उपरोध त्यांनी इतक्या सहजपणे वापरला की बोली ही केवळ उच्चारांची गंमत नसून जगाकडे पाहण्याची तऱ्हा आहे, हे त्यांच्या प्रवेशांतून कळते. कोल्हापुरी, आगरी यांचेही ठरलेले सूर आहेत. पण उत्तर कोकणातील वाडवळी, मांगेली, वारली, कातकरी यांपैकी एकही थुकरटवाडीची ओळखीची बोली झाली नाही. मुंबईच्या इतक्या जवळची, चर्चगेट-विरारच्या पुढे २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी लोकलने जोडलेली ही पट्टी हास्याच्या नकाशावर कोरी राहिली.

हे कोरेपण चांगले की वाईट? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बोलीचे विनोदात येणे म्हणजे तिची विटंबना, अशी भूमिका एका टोकाला आहे, आणि वारलीसारख्या आदिवासी बोलीबाबत तिला वजन आहे. ज्या समाजाचे चित्र भिंतीवरून उचलून पिशव्या व कपांवर छापले गेले, त्याच्या बोलण्याचीही तशीच नक्कल होण्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, जी बोली हसवू शकत नाही ती सार्वजनिक व्यवहारात ऐकूही येत नाही. मालवणी माणसाला ‘वस्त्रहरण’ने हास्यास्पद केले नाही, त्याने त्याला शिव्या देण्याचा, उलट उत्तर देण्याचा, हुशारी मिरवण्याचा अधिकार दिला. निर्णायक मुद्दा असा की तेथे बोली बोलणाराच विनोदाचा कर्ता होता. बोलीला हसणे आणि बोलीतून हसवणे यांतील अंतर मराठी हास्यविचाराने पुरेशा काटेकोरपणे पाहिलेले नाही.

कोरेपणाचे आणखी एक कारण गावाच्या कल्पनेतच आहे. ‘वाडी’ हा प्रत्यय, पार, सरपंच, पोस्टमन, एकमेकांच्या तोंडावर असलेली घरे : थुकरटवाडीची रचना देशावरच्या व दक्षिण कोकणच्या गावावर बेतलेली आहे. पालघर, डहाणू, विक्रमगडकडचे गाव असे नाही. ते पाड्यांत विखुरलेले असते. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, आणि पाड्यापाड्यांमध्ये शेत, ओढा, टेकडी. ‘पाडा’ हा शब्द दूरचित्रवाणीवरील विनोदात आला तोही पवईच्या फिल्टरपाड्यावरून, गौरव मोरे यांच्या नावाबरोबर आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त, म्हणजे शहराने गिळलेल्या पाड्याचे रूप घेऊन. तिकडे बोईसर तर गाव या कल्पनेलाच छेद देणारे आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे बोईसरभोवती औद्योगिक वसाहत वाढली आणि ठिकठिकाणचे मराठी कामगार, उत्तर भारतीय मजूर, गुजराती व्यापारी, मूळचे आदिवासी व मच्छीमार एकाच बाजारपेठेत आले. या वस्तीत बोली सरमिसळ होऊनच ऐकू येते. सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला थुकरटवाडी पाहणाऱ्या तेथील प्रेक्षकाला पडद्यावरचे गाव ओळखीचे वाटत असेल तर ते मागे सोडून आलेले म्हणून. मूळ रहिवाशाला तेवढाही आधार नाही.

या पार्श्वभूमीवर कार्यक्रमातील पत्रांचा विचार करावा लागतो. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि पोस्टमनच्या वेषातील सागर कारंडे यांनी वाचलेली पत्रे हा या संहितेतील सर्वांत चर्चित भाग. हास्याला भावनेची अनुपस्थिती लागते, असे बर्गसाँने १९०० मध्ये मांडले. थुकरटवाडीने तासभर जी भावना बाजूला ठेवली ती पत्रात व्याजासह परत येते. शेतकरी, सैनिक, म्हातारे आईबाप पत्रातून बोलतात आणि सोफ्यावरचे हसरे चेहरे ओले होतात. हे रचनेच्या दृष्टीने प्रभावी आहे, आणि यातील अनेक पत्रे स्वतंत्रपणेही वाचनीय आहेत. पण पत्राची भाषा पाहावी. तिला ग्रामीण गंध असतो. वळण मूलतः प्रमाणभाषेचेच. म्हणजे हे गाव हसते बोलीत आणि रडते प्रमाणभाषेत. दुःख गंभीरपणे घ्यायचे असेल तर बोली उतरवून ठेवावी लागते, हा संकेत पत्रांनी मोडला नाही, दृढ केला.

पोस्टमनचे रूपक आणखी एका ठिकाणी अडखळते. पत्राला पत्ता लागतो. तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. त्यांची नावे पुनर्वसनाच्या जागेकडे गेली. समुद्रकाठचा पत्ता राहिला नाही. थुकरटवाडीची सारी करुणा गावाच्या सातत्यावर उभी आहे : मुलगा शहरात गेला तरी आई गावात आहे, आणि पत्र तिच्या दारात पोचते. जेथे आईच गावासकट हलवली गेली तेथे हा पत्रव्यवहार कोणत्या स्वरात झाला असता, याची कल्पना या संहितेने केली नाही. ग्रामीण साहित्यातील स्मरणरंजनावर जो आक्षेप घेतला जातो तोच येथे लागू पडतो, आणि तो लेखनकौशल्याविषयीचा नसून कल्पनाशक्तीच्या मर्यादेविषयीचा आहे.

२०२५ च्या जुलैत कार्यक्रम परतला तो ‘कॉमेडीचं गँगवॉर’ या उपशीर्षकासह. निलेश साबळे यांच्या जागी अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालक म्हणून आले. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे यांच्या जोडीला गौरव मोरे होते, आणि निवडचाचण्यांतून आलेले नवे कलावंत टोळ्यांत विभागले गेले. गावाच्या जागी टोळी आली, म्हणजे ‘फू बाई फू’ची स्पर्धा नव्या नावाने परतली. वाडीपेक्षा टोळीत बोलींना अधिक वाव असू शकतो. टोळीला भूगोलाची अट नाही आणि तीत कोणीही कोठूनही येतो. पण स्पर्धेतील कलावंताजवळ वेळ नसतो. काही मिनिटांत हशा मिळवायचा असेल तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेला सूरच लावावा लागतो. गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीला वर्षानुवर्षांच्या सोमवार-मंगळवारांनी जे मुरू दिले ते एका पर्वात घडत नाही. त्यामुळे डहाणूचा एखादा मुलगा या मंचावर उभा राहिला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : सगळ्यांना कळणारी मालवणी-वऱ्हाडी उचलणे, किंवा स्वतःच्या मांगेलीत बोलून पहिला हशा यायच्या आतच वेळ संपताना पाहणे.