धावडांचे महाबळेश्वर

महाबळेश्वरावरची पुस्तके मी बरीच वाचली. सुरुवात ठरलेली: कृष्णेचा उगम, जावळीचे मोरे, अफझलखान, मग १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात डोंगर इंग्रजांना दिला आणि मालकमपेठ वसली. तुरुंगातल्या चिनी कैद्यांच्या भाजीमळ्यांचीही आठवण निघते. निघत नाही ती धावडांची.

धावड म्हणजे जांभ्यातले लोखंड गाळणारे मुसलमान कारागीर. महाबळेश्वरचा माथा जांभ्याचा आहे. युगानुयुगांच्या पावसाने काळ्या कातळातले बाकी सारे धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. लोहाने जड झालेले दगड निवडायचे, मातीच्या भट्टीत लोणारी कोळशाबरोबर भरायचे आणि भाता थांबू द्यायचा नाही. अशा भट्टीत लोखंड पातळ होऊन वाहत नाही. सच्छिद्र गोळा तयार होतो. तो लालबुंद असतानाच घणाखाली घालून मळ काढावा लागतो. हा मळ म्हणजे लोहकीट. जुने झालेले कीट वैद्य मंडूर भस्मासाठी वापरतात.

कॅम्बेल यांच्या संपादनाखालच्या १८८५ च्या सातारा गॅझेटियरात धावड आहेत, पण थोडक्यात आणि भूतकाळात. धंदा बसल्याची कारणे म्हणून लोखंडाची स्वस्ताई आणि जळणाची महागाई पुढे केली जाते. माझा आक्षेप या भाषेला आहे. स्वस्त झाले, महागले. जणू वळीव येऊन गेला! स्वस्त लोखंड विलायती कारखान्यांतून बोटीने आले. जंगल राखीव करण्याचा १८७८ चा कायदा सरकारचा, आणि गॅझेटियरही त्याच सरकारचे. धावडांच्या भट्ट्या झाडांवर दया करीत होत्या असे मी म्हणणार नाही. गोळ्याच्या कितीतरी पट कोळसा त्या खात. पण हा वाद तरी नोंदायला हवा होता. आपल्या लेखकांनी तर वाद सोडाच, माणसेही गाळली.

इंग्लंडात डेव्हनमधल्या बीअर फेरर्स गावी १२९२ च्या सुमारास चांदीच्या खाणी सुरू झाल्या. डर्बीशर आणि वेल्समधून खाणकामगार आणले गेले. मजुरीचे, लाकूडफाट्याचे हिशेब सरकारदफ्तरी राहिले, कारण चांदी राजाच्या खजिन्यात जायची. त्या कागदांवरून आज संशोधक गावकुसातले श्रम मांडतात. धावडांचे लोखंड कुऱ्हाडी-कोयत्यांत गेले. त्याचे हिशेब कोण ठेवणार?

जांभ्याच्या जुन्या बंगल्यांची छायाचित्रे मात्र या पुस्तकांत हमखास असतात.