‘कर्तव्यापलीकडे’ : एका संज्ञेची चिकित्सा

नेमून दिलेल्या कामाहून अधिक काम कर्मचारी आपण होऊन करतो, त्या वर्तनास डेनिस ऑर्गन यांनी ‘संघटनात्मक नागरिकत्व’ म्हटले. हे वर्तन ऐच्छिक असते, औपचारिक मोबदल्यात त्याची थेट नोंद नसते आणि एकंदरीत ते संस्थेस उपकारक ठरते, अशी व्याख्या त्यांनी १९८८ च्या ग्रंथात केली. कारणमीमांसेत त्यांनी न्यायाच्या प्रतीतीस मोठे स्थान दिले. आपणांस न्यायाने वागविले जाते असे ज्यास वाटते, तो देण्याघेण्याचा हिशेब काटेकोरपणे ठेवीत नाही. विवेचन मार्मिक खरे. परंतु ‘काम’ या शब्दाची सीमा कोणी आखावयाची, हा मूलतः अर्थविचाराचा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या तत्कालीन छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असता उद्घोषक विष्णु झेंडे कक्ष सोडून गेले नाहीत. प्रवाशांनी कोणत्या वाटेने बाहेर पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले. गाड्यांची वर्दी देणे एवढेच त्यांचे काम मानले, तर ही कृती कर्तव्यापलीकडची ठरेल. प्रवाशास वाट दाखविणे हे ते काम मानले, तर ती कर्तव्याच्या गाभ्यातलीच होय. अभ्यासक ज्यास अधिकचे म्हणतात त्यातील बरेचसे कर्मचारी आपले नेहमीचेच काम समजतात, हे एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९४ मध्ये दाखविले होते.

याची दुसरी बाजू कामरगावसारख्या गावी दिसते. २००५ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही स्वयंसेविका ठरली. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. करोनाच्या साथीत घरोघरची पाहणी तिच्याकडे आली, आणि जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला. जिला नकार देता येत नाही, तिच्या श्रमास ‘स्वेच्छा’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. मराठीत त्यास जुना शब्द आहे : वेठ. आपणहून झीज सोसणे ती पदरमोड, मन न घालता उरकणे त्या पाट्या टाकणे. (हा विवेक ‘नागरिकत्व’ या भारदस्त शब्दात कोठे आहे?) इरान विगोदा-गादोत यांनी २००६ मध्ये ‘सक्तीचे नागरिकत्व’ अशी संज्ञा योजिली, ती वेठीच्याच जवळ जाते.

ऑर्गन यांनी १९९७ मध्ये ऐच्छिकतेची अट स्वतःच सैल केली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आपल्याकडील संशोधक मात्र जुन्याच व्याख्येवरच्या प्रश्नावल्यांचे भाषांतर करितात. त्यांत पहिला प्रश्न निराळा हवा : तुमचे काम कोणते, आणि ते कोणी ठरविले?