उलट्या मोजणीचा मूकपट

कलावंताची कल्पना आधी की शास्त्रज्ञाचे गणित आधी, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. फ्रित्झ लांग यांचा ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरील स्त्री’, हा १९२९ सालचा जर्मन मूकपट पाहिला की या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, हे आम्हांस पटते. बालपणी ज्यूल व्हर्न यांची चांद्रप्रवासाची कादंबरी वाचून झपाटलेल्या हेर्मान ओबेर्थ यांनी १९२३ मध्ये अग्निबाणाचे गणित ग्रंथरूपाने मांडले. त्याच ओबेर्थ यांना लांग यांनी आपल्या चित्रपटासाठी शास्त्रीय सल्लागार म्हणून बोलावले. कादंबरीतून गणित उपजले आणि ते गणित पुन्हा कलेच्या दारी आले.

या सहवासाचे फळ उड्डाणाच्या प्रसंगात दिसते. अनेक टप्प्यांचा उंच अग्निबाण उभ्यानेच भव्य शाळेतून बाहेर सरकतो. आतील प्रवासी वेगाच्या भाराखाली दबतात आणि पुढे वजनरहित होऊन तरंगतात. पडद्यावर आकडे उलटे उतरू लागतात. उत्कंठा वाढावी म्हणून योजलेली ही क्लृप्ती पुढे खऱ्या उड्डाणांचाही परिपाठ झाली. याउलट चंद्रावर हवा आणि सोने दाखवणारा उत्तरार्ध शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

चित्रपटाचा पूर्वार्ध हेरगिरीत रेंगाळतो, अशी तक्रार नेहमी होते. ती खोटी नाही. परंतु चित्रपटाचे मर्म आम्हांस तिथेच सापडते. पाच धनिकांचे मंडळ अग्निबाणाचे आराखडे चोरते आणि आपला हस्तक यानात घुसवते. त्यांना चंद्र नको, त्यावरील सोने हवे असते. अखेर झटापटीत सुटलेली गोळी प्राणवायूच्या टाक्यांना लागते आणि सर्वांना परतण्यापुरता श्वासच उरत नाही. यानाची दिशा गणित ठरवीत असेल. त्याचा हेतू मात्र पैसा पुरवणारा ठरवतो, हे लांग यांनी ओळखले होते.

इतिहासाने याची साक्ष फार क्रूरपणे दिली. तरुणपणी ओबेर्थ यांच्या हाताखाली काम केलेले व्हेर्नर फॉन ब्राउन पुढे जर्मन सैन्यासाठी अग्निबाण घडवू लागले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून ‘व्ही-२’चे पहिले यशस्वी उड्डाण झाले. सुमारे ८५ कि.मी. उंची गाठणाऱ्या त्या अस्त्रावर चंद्रकोरीवर बसलेली स्त्री रंगवली होती. या चित्रपटाची ती आठवण होती. पुढे याच अस्त्राच्या निर्मितीसाठी मिटेलबाउ-डोरा छळछावणीतील कैद्यांना भुयारांत राबवले गेले. त्या छावणीत सुमारे ६०,००० माणसे डांबली गेली. त्यांपैकी सुमारे २०,००० मृत्युमुखी पडली.

या पापाचा भार चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही त्या चंद्रकोरीकडे केवळ कौतुकाने पाहणे आम्हांस जमत नाही. सुंदर चित्र कोणत्याही यंत्रावर रंगवता येते. म्हणून अवकाशाची स्वप्ने रंगवणारी कलाकृती आपण मुलाबाळांसह पाहतो, तेव्हा यान किती उंच गेले याबरोबरच ते कोणाच्या श्रमावर आणि कोणासाठी उडाले, हेही त्यांना विचारायला शिकवावे. लांग यांच्या चित्रपटातील तो रेंगाळणारा पूर्वार्ध नेमका हाच प्रश्न विचारतो. म्हणूनच तो आजही पाहण्याजोगा आहे.